हॉटस्पॉट वाचताना

हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन झाला की पेशंटच्या हातात एक मोठं पाकीट येतं. आत फिल्म, सीडी आणि दोन-तीन पानांचा रिपोर्ट. फिल्मवर माणसाची आकृती असते आणि तिच्यावर कुठे काळे, कुठे केशरी ठिपके. आमच्या विभागात त्यांना हॉटस्पॉट म्हणतात, पेशंट म्हणतात ‘डाग’. लिफ्टपाशी पोचायच्या आत कुणीतरी फिल्म उजेडाकडे धरतं आणि डाग मोजायला लागतं. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्या फिल्मचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेला असतो आणि घरात रडारड सुरू झालेली असते.

मी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर म्हणून बरीच वर्षं हे ठिपके वाचते आहे. मोजून त्यांतून काहीही कळत नाही. एकच ठिपका जिवावरचा असू शकतो आणि वीस ठिपके निव्वळ वयाचे असू शकतात. कोणता कसला, हे कशावरून ठरतं ते मला या कामाने शिकवलं. ते इथे लिहिते आहे.

१. ठिपका आजार दाखवत नाही, काम दाखवतो

शिरेतून दिलेलं औषध अंगभर फिरतं आणि जिथे त्याला ओढून घेणारं काही चाललेलं असतं, तिथे साठतं. त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. जिथे साठा जास्त, तिथे ठिपका गडद. चित्राचं शास्त्र एवढंच आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही मला ते विलक्षण वाटतं. एक्स-रे शरीराची रचना दाखवतो. आमचं चित्र त्या रचनेत आत्ता, या तासाला काय चाललंय ते दाखवतं.

हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम जोडलेलं एमडीपी देतात. नवं हाड जिथे रचलं जात असतं, तिथल्या खनिजाला ते चिकटतं. कॅन्सरच्या पेशींना ते चिकटत नाही. कॅन्सर हाडात शिरला की भोवतालचं हाड स्वतःची डागडुजी करायला लागतं, आणि फिल्मवर दिसते ती ही डागडुजी. फ्रॅक्चर भरून येताना हेच होतं. झिजलेल्या गुडघ्याच्या कडेला हेच होतं. हाडात पू झाला तरी हेच. औषधाला या चौघांतला फरक कळत नाही.

पेट स्कॅनमधलं एफडीजी म्हणजे ग्लुकोजसारखा रेणू, त्याला फ्लोरिन-१८ जोडलेला. पेशी त्याला साखर समजून आत घेते, त्याच्यावर पहिली प्रक्रिया करते आणि मग अडते, कारण पुढच्या पायरीला हा रेणू चालत नाही. तो आत अडकून पडतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर खातात हे ऑटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं, आणि त्याच भुकेवर ही तपासणी उभी आहे. पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही तशीच भूक असते. मेंदूला तर चोवीस तास असते.

२. आधी रोजची ठिकाणं ओळखावीत

पेट स्कॅनवर मेंदू सगळ्यात गडद दिसतो. मूत्रपिंडं आणि मूत्राशय गडद दिसतात, कारण एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतं. हृदय एका पेशंटमध्ये पेटलेलं दिसतं, दुसऱ्यात दिसतही नाही, आणि दोन्ही नॉर्मल. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशंटला त्या कॅन्सरला चिकटणाऱ्या रेणूचा पीएसएमए स्कॅन केला तर अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी ठळक उमटतात. फिल्म पाहून घाबरलेल्या नातेवाइकांनी बोट ठेवलेले बहुतेक डाग या यादीतलेच असतात. ‘डॉक्टर, डोक्यात पसरलंय’ असं म्हणणाऱ्या मुलाला मी शेजारच्या संगणकावर दुसरा, नाव झाकलेला, पूर्ण निरोगी मेंदू दाखवते. तोही तसाच काळाभोर असतो.

३. पेशंटशी बोलल्याशिवाय स्कॅन वाचू नये

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि कामाच्या गर्दीत सगळ्यात आधी तिच्यावरच पाणी सोडलं जातं.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या, गावाकडून आलेल्या एका आजींच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या ओळीने चार बरगड्यांवर ठिपके होते. अर्जावर फक्त आजाराचं नाव आणि ‘हाडांत पसरला आहे का’ एवढंच लिहिलेलं. मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले. ‘आजी, मधे कुठे पडला होतात का?’ आधी नाही म्हणाल्या. सुनेकडे पाहिलं. मग सांगितलं की गोठ्यात पाय घसरला होता, दावणीच्या कडेवर आपटल्या होत्या, घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. शेजारशेजारच्या बरगड्यांवर एका रेषेत, एकाखाली एक आलेले ठिपके हे माराचं लक्षण आहे. कॅन्सर बरगडीत शिरतो तेव्हा तो बरेचदा बरगडीच्या लांबीने पसरतो. खुणा आजींच्या बाजूने होत्या, आणि आता त्यांचं बोलणंही त्यांना जोडून आलं. त्या जागी काढलेल्या सीटीत भरून येत असलेले फ्रॅक्चर दिसले.

असे प्रश्न ठरलेले आहेत आणि ते विचारायला दोन मिनिटं लागतात. गेल्या वर्षभरात पडलात का? दात काढला का? (जबडा महिनोन्महिने गडद दिसतो.) कुठलं ऑपरेशन झालं? सांधे दुखतात का, कोणते? इंजेक्शन कोणत्या हाताला दिलं आणि ते बाहेर झिरपलं का? झिरपलं असेल तर त्याच बाजूच्या काखेतली गाठ उगाच उजळते. २०२१ साली यात एका प्रश्नाची भर पडली: कोविडची लस कधी आणि कोणत्या दंडावर घेतली? लस घेतलेल्या बाजूच्या काखेत पेटवर गाठी इतक्या ठळक दिसत की लिम्फोमाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये गोंधळ ठरलेला. त्या काळात अर्जावर लसीची तारीख आणि बाजू लिहून घेणं हा आमच्याकडे नियमच झाला.

४. लघवीचा थेंब

हाडांच्या स्कॅनचं औषधही लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे कपड्यावर किंवा मांडीवर पडलेला लघवीचा एक थेंब हाडातल्या ठिपक्यासारखा हुबेहूब दिसतो. उपाय सोपा आहे: पेशंटला धुऊन, कपडे बदलून पुन्हा मशीनवर घ्यावं, किंवा बाजूने चित्र काढावं. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी सहा वाजता, बाहेर अजून दोघं वाट बघत असतानाही ते करावंच.

५. आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही

पेट स्कॅनची बरीचशी पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली, तिथे टीबी क्वचित दिसतो. आपल्याकडे तसं नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि मुंबईच्या दाट वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या छातीत टीबीची जुनी किंवा नवी खूण सापडणं यात काहीच नवल नाही. टीबीची गाठ पेटवर कॅन्सरइतकीच, कधी कधी त्याहूनही गडद दिसते. कारण सरळ आहे. जंतूंना वेढा घालून बसलेल्या पेशी भुकेल्या असतात.

त्यामुळे परदेशात ज्या चित्रावर ‘पसरलेला कॅन्सर’ असं लिहिलं जाईल, त्या चित्रावर मी ‘बायोप्सी करावी’ असं लिहिते. कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या एका ताईंच्या छातीच्या मध्यभागी, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना नव्या गाठी उजळल्या होत्या. वजन उतरलेलं, संध्याकाळी बारीक ताप. घरच्यांनी मनाची तयारी केली होती, नवऱ्याने गावाकडच्या जमिनीचं बोलणंही सुरू केलं होतं. सुईने तुकडा काढला, तर टीबी निघाला. त्यांनी सहा महिने गोळ्या घेतल्या आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठी विझल्या होत्या. त्या घरात टीबी झाल्याचा आनंद झाला. असा आनंद मी या कामात अनेकदा पाहिला आहे.

उलटंही घडतं, आणि ते सांगायलाच हवं. टीबी समजून गोळ्या सुरू करतात, ताप जात नाही, महिने जातात, आणि शेवटी लिम्फोमा निघतो. दोन्ही बाजूंना फसवणारं हे चित्र आहे. म्हणून माझा आग्रह असतो की आधी तुकडा काढावा. इथे पेटचा खरा उपयोग होतो, कारण सुई कुठे घालायची ते तो दाखवतो. दहा गाठींतली सगळ्यात गडद आणि सुरक्षितपणे हाताशी येणारी कोणती, ते आम्ही सांगू शकतो. तुकडा काढणाऱ्या डॉक्टरला फोन करून हे सांगणं मी माझ्या कामाचाच भाग मानते.

६. अर्धा कप चहा

पेट स्कॅनला चार ते सहा तास उपाशी राहायचं असतं. आम्ही फोनवर सांगतो, कागदावर देतो, सकाळी पुन्हा विचारतो. ‘काही खाल्लं नाही ना काका?’ ‘छे, काहीच नाही.’ आणि मग स्कॅनवर दंडाचे, मांड्यांचे, पाठीचे सगळे स्नायू उजळलेले. पुन्हा हळू आवाजात विचारलं की कळतं: अर्धा कप चहा, साखर घालून, सोबत एक बिस्कीट. चहा म्हणजे खाणं नव्हे, असं आपल्याकडे प्रामाणिकपणे मानलं जातं. पण त्या साखरेने इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिन एफडीजीला स्नायूंमध्ये ढकलतं. गाठीच्या वाट्याला कमी येतं आणि ती फिकी दिसते. आता मी ‘खाल्लं का’ असं विचारत नाही. ‘सकाळी चहा किती वाजता घेतला’ असं विचारते, म्हणजे खरं उत्तर मिळतं.

रक्तातली साखर दोनशेच्या वर असेल तर आम्ही बहुधा स्कॅन पुढे ढकलतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची आतडी इतकी उजळतात की आतली लहान गाठ त्यात हरवून जावी. म्हणून आतड्याचा प्रश्न असेल तर ती गोळी डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी थांबवतात. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायला सांगतो तेही यासाठीच. फोनवर बोलत बसलं तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, सुपारी चघळली तर जबड्याचे. आणि खोलीतला एसी जोरात असेल तर मानेभोवतीची तपकिरी चरबी जागी होते. तिचं कामच उष्णता तयार करणं, त्यासाठी ती ग्लुकोज जाळते आणि मानेच्या दोन्ही बाजूंना गाठींच्या माळा असाव्यात तशी दिसते. तरुण, सडपातळ मुलींमध्ये हे जास्त. आमच्या सिस्टर प्रत्येकाला आल्याबरोबर ब्लँकेट देतात. मे महिन्यातही.

७. आकड्यावर जीव टांगू नये

रिपोर्टमध्ये एसयूव्ही नावाचा आकडा असतो. दिलेला डोस आणि पेशंटचं वजन धरून त्या जागी औषध किती साठलं, याचं ते माप. पेशंट तो पाठ करून येतात. ‘मागच्या वेळी सहा होता, आता सात झालाय, म्हणजे वाढला ना?’ वाढला असेलच असं नाही. इंजेक्शननंतर साठ मिनिटांनी स्कॅन केला की नव्वद, त्या दिवशी साखर किती होती, मशीन तेच होतं का, या सगळ्याने आकडा हलतो. अडीचच्या वर म्हणजे कॅन्सर, हा जुना हिशेब तर सोडूनच द्यावा. टीबी अडीचच्या कितीतरी वर जातो आणि सावकाश वाढणारे काही कॅन्सर त्याच्या खाली राहतात.

लिम्फोमाच्या बाबतीत फ्रान्समधल्या दोव्हिलच्या बैठकीत २००९ साली ठरलेली पाच पायऱ्यांची मोजणी मला शहाणपणाची वाटते. तिथे ठिपक्याची तुलना त्याच माणसाच्या, त्याच स्कॅनमधल्या यकृताशी आणि छातीतल्या रक्ताच्या पातळीशी करतात. मशीन आणि दिवस दोघांनाही सारखेच लागू, त्यामुळे फरक खरा असतो. आणि म्हणूनच पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरवर करावा आणि जुनी सीडी बरोबर आणावी. मांडीच्या हाडात सहा वर्षांपूर्वी होता तसाच ठिपका आजही दिसत असेल, तर मला बायोप्सीचा विचार क्वचितच करावा लागतो. जन्मापासून असलेला फायब्रस डिस्प्लेशिया असा आयुष्यभर उजळलेला राहू शकतो.

८. जिथे ठिपका नाही, तिथेही बघावं

थायरॉइडच्या स्कॅनवर तिथली गाठ उजळली तर ती जवळजवळ नेहमीच साधी असते. काळजी करायची ती न उजळणाऱ्या, रिकाम्या दिसणाऱ्या गाठीची. अशा गाठीही बहुतेक निरुपद्रवीच निघतात, पण थायरॉइडचा कॅन्सर असतो तो बहुधा त्यांच्यात. मल्टिपल मायलोमा हा कॅन्सर हाड पोखरतो आणि भोवतालचं हाड डागडुजी करत नाही, त्यामुळे हाडांच्या स्कॅनवर तो नजरेतून निसटू शकतो. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर एफडीजी फारसं घेत नाहीत. त्यासाठी पीएसएमए आलं.

आणि एक चित्र असं असतं की त्यात एकही वेगळा ठिपका नसतो, सगळा सांगाडा सुंदर, स्वच्छ, गडद उमटलेला. नवशिक्याला वाटतं, काय छान स्कॅन आलाय. मग मूत्रपिंडं शोधावीत. ती दिसतच नसतील तर औषध सगळंच्या सगळं हाडांनी ओढून घेतलं आहे, आणि तो सुपरस्कॅन आहे. हाडांत सर्वत्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये असं होतं. विद्यार्थ्यांना मी हे चित्र पहिल्याच आठवड्यात दाखवते.

९. बरं होतानाही ठिपका वाढतो

स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरवर नवं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाडांचे ठिपके आधीपेक्षा गडद होऊ शकतात, नवेही दिसू शकतात. औषध लागू पडलेलं असतं, आणि कॅन्सर मागे हटलेल्या जागी हाड जोमाने भरून येत असतं. याला फ्लेअर म्हणतात. पेशंटचं दुखणं कमी झालंय, रक्तातले मार्कर उतरताहेत आणि स्कॅन मात्र वाईट दिसतोय, अशा वेळी औषध बदलायची घाई करू नये. रेडिएशननंतरही सूज काही आठवडे उजळत राहते, म्हणून साधारण तीन महिने थांबून पेट करतात. हे तीन महिने घरच्यांना फार जड जातात. त्यांना कारण नीट समजावून सांगितलं तरच ते थांबतात.

१०. द्रव्य कुणासाठी थांबत नाही

फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सायक्लोट्रॉनमधून पहाटे निघालेला डोस हायवेवर तास-दोन तास अडकला, तर शेवटच्या पेशंटला पुरतच नाही. पेशंटने उशीर केला म्हणून आमची माणसं चिडतात, त्यामागे हा हिशेब असतो. टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं. ते जनरेटरमधून रोज सकाळी काढतात, आणि जनरेटरमधलं मॉलिब्डेनम-९९ ६६ तासांत निम्मं होतं, म्हणून आठवड्याला नवा जनरेटर लागतो. निसर्गात जवळजवळ न सापडणारं टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली पालेर्मोला सेग्रे आणि पेरियर यांनी ओळखलं, तेव्हा त्याचा उपयोग काय हे कुणालाच माहीत नव्हतं. २००९ साली मॉलिब्डेनम बनवणारी कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी वर्षाहून अधिक काळ बंद पडली, तेव्हा जगभरातल्या दवाखान्यांना त्याची टंचाई भोगावी लागली.

आपल्याकडे १९६३ साली, आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं, आणि २००२ साली देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनही तिथेच सुरू झालं. आज नाशिक-कोल्हापूरचा पेशंट आपल्याच गावात पेट करून घेतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

११. जिथे दिसतं, तिथे औषध पोचवता येतं

शरीरातलं आयोडीन थायरॉइडच्या पेशी ओढून घेतात. याच गुणावर १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी वाढलेल्या थायरॉइडच्या पेशंटला किरणोत्सर्गी आयोडीन पाजलं. आता हाच विचार इतर कॅन्सरपर्यंत पोचला आहे. पीएसएमए स्कॅनवर प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ठिपके ठळक दिसले, तर त्याच रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून उपचार करता येतात. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही बनतं. स्कॅनवर ठिपके उजळलेच नाहीत तर हा उपचार देता येत नाही, आणि असं सांगावं लागतं ते दिवस मला अवघड जातात. हाडांच्या दुखण्याने रात्र-रात्र न झोपणाऱ्या माणसाला ‘तुमच्या गाठी हे औषध घेत नाहीत’ असं सांगण्याची सोपी पद्धत मला आजवर सापडलेली नाही.

उपचार दिल्यावर आम्ही पुन्हा स्कॅन करतो. तेव्हा तेच ठिपके गडद आले की औषध हवं तिथे पोचल्याचं कळतं. पेशंट मात्र फिल्म पाहून पुन्हा दचकतात, म्हणून फिल्म हातात देण्याआधी मी त्यांना हे समजावते. घरी लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर किती दिवस लांब राहायचं ते कागदावर लिहून देते, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीखही त्याच कागदावर लिहिते. उपचार किती लागू पडला, हे त्या तपासणीतून कळायला सुरुवात होते.